येळवीचा तेविसावा डोह

धुरपाक्का खडकावर बसली ती बसलीच. पुढं काही नाही, असं म्हणाली. नुसता खडक आणि शेवाळ, पाय घसरला तर बाईंना उचलून न्यायला चार माणसं लागतील.

बाई म्हणजे डॉ. उर्मिला तोरसकर. मत्स्य महाविद्यालयात प्राध्यापक होत्या आणि अंगानं भरलेल्या होत्या, त्यामुळं धुरपाक्काचा हिशेब चुकीचा नव्हता. एप्रिलचं ऊन होतं. आम्ही तिघं येळवी नदीच्या पात्रात, धरणापासून नऊ किलोमीटर खाली उभे होतो. माझ्या हातात हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर होता. दोराच्या टोकाला दगड बांधलेला. डोह आला की दगड सोडायचा, गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायचं. असे बावीस डोह आमचे लिहून झाले होते.

तोरसकर बाईंनी खालच्या वळणाकडं बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाल्या, बाविसावा शेवटचा, असं लिहा. मी लिहिलं.

मी तेव्हा येळवीच्या जलविद्युत प्रकल्पावर कनिष्ठ अभियंता होतो. नाव मल्लिनाथ बिराजदार, वय एकोणतीस, गाव अक्कलकोट तालुक्यातलं. आमच्या गावाला नदी नव्हती आणि आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. पण प्रकल्पावर नकाशा काढता येणारा मी एकटाच होतो, म्हणून माशांच्या कामावर माझी नेमणूक झाली. कार्यकारी अभियंता माईणकर साहेबांनी आदेश हातात देताना विचारलं, पोहता येतं का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग काठावरून बघा.

काम असं होतं. येळवीचं पाणी धरणात अडवून बोगद्यानं चौदा किलोमीटर खाली वीजघरात नेलेलं होतं. धरण आणि वीजघर यांच्या मधल्या नदीला पावसाळ्यात सांडव्याचं पाणी मिळायचं, उन्हाळ्यात काहीच नाही. तरी इतकी वर्षं ती नदी सुकली नव्हती, कारण धरणाच्या दारांना गळती होती. गळतीबद्दल दरवर्षी वरून विचारणा व्हायची आणि दरवर्षी आम्ही काम प्रगतिपथावर असल्याचं कळवायचो. त्या वर्षी मात्र दारांना खरोखरच नवीन रबर बसणार होतं. ते बसवायची परवानगी देताना वरच्या कुणीतरी एक अट घातली. नदीत वर-खाली प्रवास करणारे मासे असतील, तर ते उन्हाळा कुठल्या डोहांत काढतात त्याचा नकाशा करा. नकाशावरच्या शेवटच्या डोहापर्यंत पोचेल एवढं पाणी रोज सोडा. त्याच्या पुढं सोडायची गरज नाही.

तेव्हा शेवटचा डोह नवव्या किलोमीटरवर निघाला याचा माईणकर साहेबांना आनंद झाला. जेवढी नदी लांब तेवढी वीज कमी, असं त्यांचं सरळ गणित होतं.

तोरसकर बाईंना आनंद झाला नाही. त्या मूळच्या मालवणच्या. जेवताना माशांबद्दल बोलायच्या तेव्हा आवाज एक लागायचा आणि नदीवर बोलायच्या तेव्हा वेगळा. त्या बारा वर्षं येळवीवर येत होत्या ते एका माशासाठी. खडस त्याचं नाव. हा मासा पावसाळ्यात पाण्याला उलटा चढत, पडत्या पाण्याचे टप्पेही उड्या मारून ओलांडत वर जातो, वाळू-गोट्यांत अंडी घालतो आणि पाणी ओसरलं की खाली येऊन एखाद्या खोल डोहात उन्हाळा काढतो. धरण झाल्यापासून तो भिंतीच्या पायथ्यापर्यंतच चढू शकत होता. तिथं बाईंना दर सप्टेंबरात खडसाची बोटभर पिल्लं सापडायची. मोठा मासा सापडेपर्यंत त्यांनी ते कुठं छापलं नव्हतं. पिल्लं आहेत त्या अर्थी आईबाप आहेत. ते धरणाच्या पाण्यात नव्हते आणि आमच्या बावीस डोहांतही नव्हते. तिथं मरळ होता, वाम होती, शिंगटी होती. खडस एकही नव्हता.

धुरपाक्काला आम्हीच शोधून आणली होती. भोयांच्या वस्तीवर जाऊन विचारलं, नदी कुणाला ठाऊक आहे, तर सगळ्यांनी एकाच घराकडं बोट केलं. पन्नाशीच्या आसपासची, काटकुळी, एकटी राहणारी. प्रत्येक डोहाचं नाव तिला तोंडपाठ होतं आणि खोली ती न मोजताच सांगायची. दोन पुरुष, तीन पुरुष, असं माणसाच्या उंचीच्या मापात. मी दोर सोडायचो तर हातभराचाही फरक पडत नसे. असं तीन-चार वेळा झाल्यावर दोर सोडणं मला जरा अपमानाचं वाटायला लागलं, पण नोंद दोरानंच करायची असा आदेश होता.

बाई परीक्षांसाठी दोन दिवस महाविद्यालयात परत गेल्या. शनिवारी येते, नकाशा तयार ठेवा, सही करते, असं सांगून गेल्या.

मी नकाशा काढायला बसलो. धरण बांधायच्या आधी झालेल्या मोजणीचे जुने कागद कार्यालयात होते, ते खाली अंथरले आणि त्यावर आमचे डोह मांडत गेलो. नववा किलोमीटर संपला तिथं माझं काम संपत होतं. पण कागद पुढं होता म्हणून नजर पुढं गेली. अकरा आणि बाराच्या मध्ये उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे तिथं नदी एकदम खाली पडत होती. पाणी उंचावरून पडतं तिथं खाली खड्डा होतो, एवढं अक्कलकोटच्या माणसालाही पुस्तकातून ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर घेऊन एकटाच निघालो. धुरपाक्का म्हणाली होती तसा खडक होता आणि शेवाळही होतं. मी दोनदा पडलो. दहाच्या सुमाराला कड्याशी पोचलो आणि कडेकडेनं खाली उतरलो. खाली काळंभोर पाणी होतं, दोन्ही बाजूंनी जांभळी वाकलेल्या. आणि पाण्यात पाय सोडून धुरपाक्का बसली होती.

मला बघून ती दचकली नाही. "आलासा?" एवढंच म्हणाली आणि सरकून बसायला जागा केली.

तिच्या पायांभोवती मासे होते. मला मासे ओळखता येत नव्हते, पण एवढं सांगतो की तोपर्यंत बावीस डोहांत मी जे पाहिलं होतं ते यांच्यापुढं मासे म्हणवून घेण्यासारखं नव्हतं. दीड-दीड, दोन-दोन हात लांब. पाठीवर बत्ताशाएवढं एकेक खवलं, तांबूस सोनेरी. ते घाईत नव्हते. एक वळायचा तेव्हा सगळं पाणी त्याच्याबरोबर वळल्यासारखं वाटायचं.

मी दगड सोडला. गाठी मोजत गेलो. गाठी संपल्या, दोर संपला, दगड अजून तळाला टेकला नव्हता.

मी तिला विचारलं, हे तुम्ही आम्हाला का नाही दाखवलं. तिनं पाण्यावरचं एक वाळकं पान उचलून काठावर टाकलं. मी विचारलं, मग आमच्याबरोबर आलातच कशाला. त्याचं उत्तर तिनं दिलं. ती आली नसती तर आम्ही दुसऱ्या कुणाला नेलं असतं, आणि दुसऱ्यानं सगळं दाखवलं असतं.

मग मी तिला दारांच्या रबराचं सांगितलं. आतापर्यंत हा डोह गळतीवर जगला, ती या महिन्यात बंद होणार. नकाशावरच्या शेवटच्या डोहापर्यंतच पाणी येणार आणि तो शेवटचा डोह इथून अडीच किलोमीटर वर आहे. दोन उन्हाळे हा डोह काढेल, फार तर तीन.

"कागदावर न्हाई म्हंजी पाणी न्हाई?"

"नाही."

"आन कागदावर आलं, तर समद्यास्नी ठावं हुणार."

मी हो म्हणालो. कागद सात कार्यालयांत जाणार होता.

तिनं पाय पाण्यातून वर घेतले. मग तिनं सांगितलं ते मी तिच्याच क्रमानं सांगतो. एकोणऐंशी साली बोगद्याचं काम चालू होतं. तिचा नवरा, गणू, कामावर होता. एके दिवशी कॅम्पावरच्या एका साहेबांनी वस्तीवर येऊन विचारलं, मोठा मासा कुठं मिळतो. ती पंचविशीतलीही नव्हती. तिला नदी ठाऊक असल्याचा अभिमान होता. ती पुढं चालली आणि त्यांना इथं घेऊन आली. पुढच्या रविवारी साहेबांकडं पाहुणे होते. बोगद्याच्या सुरुंगाच्या तीन कांड्या आणून डोहात टाकल्या. दोन फुटल्या. मासे पोट वर करून तरंगायला लागले. तिसरी वाया गेली असं समजून साहेबांनी गणूला मासे गोळा करायला पाण्यात उतरवलं.

"तिसरी उशिरा फुटली," ती म्हणाली.

मी दोर गुंडाळत होतो, तो गुंडाळायचा थांबलो.

"दहावा हितंच घातला," ती म्हणाली. "कावळा शिवंना. दुपार झाली. मंग मीच पिंड उचलला आन पाण्यात सोडला. वाटलं हुतं समदे मेले. खालनं एक आला, येवढासा. त्येनं खाल्ला."

त्या दिवसापासून तिनं मासा खाल्लेला नव्हता. हे मला नंतर वस्तीवरच्यांनी सांगितलं, तिनं नाही.

मी विचारलं, आणखी कुणाचा दहावा इथं झाला होता का. एकट्याचाच, ती म्हणाली. मी म्हणालो, एक पुरे. मग माझ्या मनात जे आलं ते तिला सांगितलं आणि असं लिहिलं तर चालेल का, असं विचारलं.

"खोटं न्हाई त्यात," ती म्हणाली.

शनिवारी तोरसकर बाई आल्या. नकाशा टेबलावर पसरलेला होता. त्या उभ्यानंच बघत गेल्या. एक, दोन, तीन, बोट डोहांवरून खाली येत होतं. बाविसाव्यावर थांबलं. मग आणखी खाली आलं.

"हे काय आहे?"

"दशक्रिया विधीची जागा, मॅडम."

"अकराव्या किलोमीटरच्या पुढं? जवळ गाव कुठलं?"

मी म्हणालो, जवळ असं नाही. मी खुणेपुढं लिहिलेली ओळ त्यांनी वाचली. 'धार्मिक विधीसाठी बारमाही पाणी आवश्यक.' माझं अक्षर चांगलं होतं. त्या खुर्चीत बसल्या.

"विधीला साधारण किती खोल पाणी लागतं, बिराजदार?"

"दोर संपला, मॅडम."

बाईंचा चेहरा पाहून मला वाटलं, आता त्या उठतील आणि जीप काढा म्हणतील. जीप बाहेर उभीच होती. ड्रायव्हर तिच्यात झोपला होता. मी म्हणालो, तिथं काय आहे ते मी सांगतो. त्यांनी हात वर केला.

"तिथं काय आहे ते मला सांगू नका. ते लपवलंय कशासाठी, तेवढं सांगा."

मी सांगितलं. कांड्या सांगितल्या, गणू सांगितला, पिंड सांगितला. तो कुणी खाल्ला ते सांगितलं नाही. बाईंनी खिडकीतून धरणाच्या भिंतीकडं पाहिलं. तिच्याच पायथ्याशी त्या बारा सप्टेंबर गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या होत्या.

"मी तिथं गेले, तर जे दिसेल ते मला लिहावं लागेल," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"आणि नाही गेले, तर नाही दिसलं असं लिहिता येईल. ते खोटं होणार नाही."

त्यांनी पेन मागितलं. अहवालातल्या उन्हाळी डोहांच्या तक्त्यात खडसापुढची जागा रिकामी ठेवलेली होती. तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'आढळला नाही.' खाली सही केली. तारीख चुकीची पडली, ती खोडून बरोबर घातली. मग चहा मागितला. चहा आला तो प्यायल्या नाहीत. जीपमध्ये बसताना मला म्हणाल्या, नकाशा सुबक काढलाय.

माईणकर साहेबांनी माशांच्या बावीस डोहांवर दीड तास चर्चा केली. एकोणिसावा आणि विसावा मिळून एकच धरता येईल का, असं त्यांनी तीन वेळा विचारलं. मग त्यांचं बोट दशक्रियेवर आलं. इथं विधी होतात का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, झालेला आहे. एकवचन त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, माशांचं एक वेळ बघता येईल, पण लोकांच्या भावनांचा प्रश्न असतो, तिथं पाणी कमी पडता कामा नये. दोन मिनिटांत मंजुरी झाली. पाणी अकराच्या पुढं पोचवायचं म्हणजे ते बावीसच्या बावीस डोहांतून जाणारच होतं, त्यामुळं एकोणिसावा आणि विसावा वेगळेच राहिले.

दारांना रबर बसलं. गळती थांबली. त्याच आठवड्यापासून रोज सकाळी गणूच्या दहाव्यासाठी पाणी सुटायला लागलं, त्याला मरून चोवीस वर्षं झाली होती.

पुढं माझी बदली झाली. सरकारी नकाशावर एकदा एखादी गोष्ट आली की ती आपली आपण वाढते, हे मला लांबून कळत गेलं. सात वर्षांनी कुठल्याशा योजनेतून तिथं जायला रस्ता झाला. मग पायऱ्या झाल्या, पत्र्याची शेड झाली. खोऱ्यातल्या इतर नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडायच्या, इथं पाणी असायचं, म्हणून लांबलांबची माणसं खरोखरच दहाव्याला यायला लागली. पिंड पाण्यात सोडायची पद्धतही तिथं पडली. कुणी पाडली ते लोकांना सांगता येत नसे. एकदा पिंड खाल्ला म्हटल्यावर त्या माशाला जाळं कोण लावणार? ज्यानं आपल्या आज्याचा घास घेतला तो तव्यावर टाकायची कुणाची छाती नव्हती. सुरुंगाची तर गोष्टच सोडा.

पुस्तकांत मात्र येळवीत खडस नव्हता. एका तरुण संशोधकानं येळवीतून खडस नामशेष झाल्याचा लेख लिहिला आणि आधाराला तोरसकर बाईंचा अहवाल दिला. बाईंनी त्याला पत्र पाठवलं, मांडणी चांगली आहे म्हणून. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. दिवाळीला त्यांचा एक फोन यायचा. डोहाचा विषय त्यात कधी निघाला नाही.

धुरपाक्का गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ती आजारी नव्हती. दुपारची झोपली ती उठली नाही. तिच्या पुतण्यानं, रंगरावनं, मला कळवलं आणि मी बाईंना कळवलं. बाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. मी म्हणालो, तुम्ही येऊ नका, लांब आहे. त्यांनी गाडीची वेळ विचारली.

दहाव्याला वस्तीवरची पंधरा-वीस माणसं होती. बाई एसटीनं आल्या, मी त्यांना स्टँडवरून आणलं. पायऱ्यांवर त्यांनी माझा खांदा धरला आणि एकेक पायरी उतरत शेवटच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. तिथवर उतरायची गरज नव्हती, विधी वर शेडमध्ये चालला होता. साडीचा काठ भिजला तरी त्या मागं सरल्या नाहीत. पाणी काळं होतं आणि त्यावर काहीच हलत नव्हतं.

रंगरावनं पिंड आणून पाण्यात सोडला.

आधी एक वर आला. मग चारही बाजूंनी आले. मी आठ-दहा वर्षांनी बघत होतो, ते आणखी मोठे झाले होते. पाण्याच्या पृष्ठभागावर तांबूस पाठी एकमेकींवर घासत होत्या आणि वरच्या पायरीवरची माणसं हात जोडून उभी होती. बाईंचे ओठ हलत होते. मला वाटलं काही म्हणताहेत. मग कळलं, त्या मोजत होत्या. एकतीसपर्यंत मला ऐकू आलं. तिथं त्यांनी मोजणं सोडलं.

मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत न लावता पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन ओढली.

आमच्या जवळपास कुणी नव्हतं. मी हळूच विचारलं, "मॅडम, खडसच ना?"

"चष्म्याशिवाय मला मासे ओळखता येत नाहीत, बिराजदार," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पदराचं टोक पाण्यात पडलं होतं आणि दोन हात लांबीचा एक मासा येऊन त्याला तोंड लावून बघत होता. त्यांनी ते ओढून घेतलं नाही.